मिन उंदराची साक्ष किती मानायची?

‘हळदीमुळे आतड्यातील कर्करोगाच्या गाठी कमी होतात, असे संशोधकांना आढळले आहे.’ अशा धर्तीची बातमी आपण सर्वांनीच कधी ना कधी वाचली आहे. बातमी बहुधा आठ-दहा ओळींची असते. हे प्रयोग उंदरांवर झाले, ही माहिती शेवटच्या दोन ओळींत येते. तोवर वाचणाऱ्याचे लक्ष पुढच्या बातमीकडे गेलेले असते. दुसऱ्या दिवशी एखादा विद्यार्थी हे कात्रण घेऊन वर्गात येतो आणि विचारतो, ‘सर, हे खरे आहे का?’

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले म्हणजे खरेच असणार’ हे एक, आणि ‘उंदीर कुठे, माणूस कुठे, सोडून दे’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करताना ते कशासाठी लिहिले, कुठे साधले आणि कुठे फसले हे आपण पाहतो. तसेच परीक्षण एका उंदराचे करावे, असा या लेखाचा हेतू आहे. आनुवंशिक आतड्याच्या कर्करोगाचा अभ्यास ज्याच्यावर गेली तीन दशके होत आला, तो हा उंदीर. त्याचे नाव ‘मिन’.

मुळशी तालुक्यातल्या मुलांना उंदराची ओळख करून द्यावी लागत नाही. कणगीतले आंबेमोहोर भात कोण फस्त करतो, हे पौड-मालेकडचे कोणतेही मूल सांगेल. याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, नांदे गावी एका मोठ्या औषध कंपनीचे संशोधन केंद्र आहे आणि हिंजवडीत जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत. नवे औषध माणसाला देण्याआधी ते बहुधा प्राण्यांवर तपासले जाते. म्हणजे कणगीतला उंदीर आणि प्रयोगशाळेतला उंदीर ही दोन्ही टोके आपल्या मुलांच्या जगात आहेत. दुसऱ्या टोकाबद्दल त्यांना नीट सांगणे हे आपले काम आहे.

उंदीर सापडला कसा

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे विल्यम डव्ह यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या जनुकांत मुद्दाम बिघाड घडवण्याचे काम चालू होते. एथिलनायट्रोसोयूरिया नावाचे रसायन नर उंदरांना द्यायचे, म्हणजे त्यांच्या शुक्रपेशींतील डीएनएत इकडेतिकडे एखादे अक्षर बदलते. मग त्यांच्या संततीत काय वेगळे दिसते, याकडे लक्ष ठेवायचे. अशा एका कुळात काही उंदीर प्रौढ होता होता फिकट पडू लागले. त्यांना रक्तक्षय झाला होता. पोट उघडून पाहिल्यावर कारण कळले. आतड्यात जागोजागी गाठी होत्या आणि त्यांतून रक्त झिरपत होते. एमी मोझर, हेन्री पिटो आणि डव्ह यांनी हे वर्णन १९९० साली प्रसिद्ध केले. ‘आतड्यातील अनेक गाठी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘मिन’ हे नाव पडले.

पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, माणसातील एका आनुवंशिक रोगाचे जनुक सापडले. या रोगात किशोरवयापासूनच मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर शेकडो, कधी हजारो लहान गाठी उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. प्रत्येक पॉलिप घातक नसतो, पण इतक्या संख्येतून एखादा तरी पुढे कर्करोगात बदलतोच. उपचार न झाल्यास चाळिशीच्या सुमारास बहुतेक रुग्णांना कर्करोग गाठतो. हे जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचे नाव ‘एपीसी’.

१९९२ मध्ये दोन धागे जुळले. मिन उंदराचे बिघडलेले जनुक म्हणजे उंदराचे एपीसीच निघाले. बिघाड केवळ एका अक्षराचा होता. डीएनएच्या लिपीत जिथे ‘टी’ हवा तिथे ‘ए’ आला होता. एपीसीचे प्रथिन सुमारे २,८०० अमिनो आम्लांची लांब साखळी असते. या एका अक्षराने ८५० व्या जागी ‘थांबा’ असा आदेश तयार झाला आणि साखळी एक तृतीयांशही पुरी न होता तुटली. उत्परिवर्तन शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

येथे एक तपशील सांगायला हवा. मिनमधला बदल रसायनाने अपघाताने घडलेला होता. नेमके जनुक निवडून ते बदललेले उंदीर नंतर आले. १९९४ मध्ये नेदरलँड्समधील आणि १९९५ मध्ये जपानमधील संशोधकांनी एपीसी जनुक ठरवून मोडलेले उंदीर तयार केले. जनुक असे ठरवून मोडण्याची रीत शोधणाऱ्या कापेक्की, इव्हान्स आणि स्मिथीज या तिघांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

साक्ष भक्कम आहे ती अशी

जनुक बिघडल्यावर गाठ का होते, या प्रश्नावर मिन उंदराने दिलेले उत्तर आजही टिकून आहे.

आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. खोलगट खाचांच्या तळाशी पेशी विभागतात, वर सरकतात आणि शेवटी झडून जातात. ‘वाढा’ असा निरोप पेशीत पोचवणारे एक प्रथिन असते, बीटा-कॅटेनिन. एपीसीचे काम हे प्रथिन वेळच्या वेळी मोडीत काढण्यास मदत करणे. एपीसी तुटके असेल तर निरोप थांबतच नाही आणि पेशी वाढत राहतात.

पण मग सगळे आतडेच एक मोठी गाठ का होत नाही? कारण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. आनुवंशिक रोगात एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. दुसरी काम करते. एखाद्या पेशीत ती दुसरीही गेली की तिथे गाठ सुरू होते. ‘दोन आघातां’ची ही कल्पना आल्फ्रेड नुडसन यांनी डोळ्याच्या एका कर्करोगावरून १९७१ मध्ये मांडली होती. मिन उंदराच्या गाठी तपासल्यावर त्यांत दुसरी, चांगली प्रत नाहीशी झालेली आढळली. म्हणजे कल्पनेला आतड्यातही पुरावा मिळाला.

याचा लाभ केवळ एका दुर्मिळ रोगापुरता राहिला नाही. कुटुंबात कोणालाही रोग नसताना म्हातारपणी मोठ्या आतड्याचा कर्करोग होणारे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांच्या गाठी तपासल्या तर पाचांपैकी सुमारे चार गाठींत एपीसी बिघडलेले सापडते. फरक इतकाच, की त्यांच्यात दोन्ही आघात आयुष्यात नंतर, एकाच पेशीत झालेले असतात. शेकड्यात एकाच्याही वाट्याला न येणाऱ्या रोगाने इतरांच्या रोगाचा आरंभ कुठे होतो हे दाखवून दिले.

‘कर्करोगाचे जनुक’ हा शब्दच सदोष

या उंदराने आणखी एक गोष्ट शिकवली आहे, आणि आपल्या पुस्तकांनी व वर्तमानपत्रांनी ती अजून पुरती उचललेली नाही. ‘कर्करोगाचे जनुक सापडले’ असे आपण सहज लिहितो. वाचणाऱ्याला वाटते, काही दुर्दैवी माणसांत एक घातक जनुक असते आणि इतरांत नसते. प्रत्यक्षात एपीसी जनुक आपल्या प्रत्येकात आहे आणि त्याचे काम गाठ रोखण्याचे आहे. रोग होतो तो ते मोडल्यामुळे. कुलूप मोडल्याने चोरी झाली, तर त्या कुलपाला आपण ‘चोरीचे कुलूप’ म्हणत नाही.

दुसरे असे की, जनुकाचा बिघाड तोच असूनही परिणाम तोच असतोच असे नाही. एका विशिष्ट शुद्ध वंशातील मिन उंदरांच्या आतड्यात सुमारे ३० गाठी आढळल्या. त्याच उंदरांचा दुसऱ्या एका वंशाशी संकर केला, तेव्हा बिघाड वारशाने मिळालेल्या पिलांत गाठींची संख्या सहाच्या आसपास आली. एपीसीतला बिघाड तसाच होता. भोवतालची इतर जनुके बदलली होती. १९९३ मध्ये या फरकामागची एक जागा उंदराच्या गुणसूत्रावर निश्चितही झाली. ‘जनुकात लिहिले तेच नशिबी’ असे मानणाऱ्या विद्यार्थ्यासमोर हे आकडे फळ्यावर लिहावेत.

साक्ष ढळते ती अशी

आता उणिवा पाहू. पहिली उणीव जागेची. माणसात पॉलिप मुख्यतः मोठ्या आतड्यात होतात. मिन उंदरात बहुसंख्य गाठी लहान आतड्यात. दोन्हींचे काम वेगळे, त्यांत राहणारे जिवाणू वेगळे, तिथून जाणाऱ्या अन्नाची अवस्था वेगळी.

दुसरी उणीव शेवटाची. माणसाचा जीव जातो तो बहुधा गाठ भिंत भेदून यकृतापर्यंत पसरल्यामुळे. मिन उंदीर काही महिन्यांतच रक्तक्षयाने किंवा आतडे तुंबून मरतो. गाठ पसरण्याइतका काळ त्याला मिळतच नाही. म्हणजे रोगाच्या कथेचा पहिला अंक हा उंदीर उत्तम वठवतो, शेवटचा अंक त्याला येत नाही. ‘उंदरातील कर्करोग बरा झाला’ असे बातमीत येते, तेव्हा पुष्कळदा प्रत्यक्षात कर्करोगापूर्वीच्या गाठींची संख्या कमी झालेली असते.

तिसरी उणीव सारखेपणाची. प्रयोगातले उंदीर एकाच वंशाचे, एकाच वयाचे, एकच खाद्य खाणारे. प्रयोग स्वच्छ व्हावा म्हणून हे आवश्यकच आहे. पण मुळशीतल्या दोन सख्ख्या भावांतसुद्धा इतका सारखेपणा नसतो.

औषधांची कसोटी

या उणिवांची किंमत औषधे शोधताना कळली. जपानमधील संशोधकांनी १९९६ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एपीसी मोडलेल्या उंदरांत त्यांनी सूज निर्माण करणारे कॉक्स-२ हे विकरही जनुक मोडून बंद केले. पॉलिपांची संख्या सुमारे ६५० वरून ९० च्या घरात आली. कॉक्स-२ बंद करणाऱ्या गोळ्या सांधेदुखीसाठी निघतच होत्या. त्यांपैकी सेलेकॉक्सिब माणसांवर तपासली गेली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आनुवंशिक पॉलिपच्या ७७ रुग्णांपैकी मोठी मात्रा घेणाऱ्यांत सहा महिन्यांनी पॉलिप २८ टक्क्यांनी कमी झाले. खोटी गोळी घेणाऱ्यांत ही घट साडेचार टक्के होती. परिणाम खरा होता, पण उंदराच्या मानाने फार तोकडा. अमेरिकेत या रोगासाठी औषधाला १९९९ च्या अखेरीस मान्यता मिळाली होती. पुढची आवश्यक चाचणी पुरी न झाल्याने कंपनीने ती २०११ मध्ये परत केली.

याच गटातील रोफेकॉक्सिब पॉलिप टाळण्यासाठी माणसांवर तपासले जात असताना हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढल्याचे दिसले आणि २००४ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. मिन उंदराने हा धोका दाखवला नाही, कारण त्याच्या हृदयाबद्दल त्याला कोणी विचारलेच नव्हते. ज्या प्रश्नासाठी नमुना बनवला आहे, त्या प्रश्नापलीकडे तो बोलत नाही.

सुलिंडॅक या जुन्या औषधाची गोष्टही अशीच आहे. असलेले पॉलिप त्याने कमी होतात, असे १९९३ मध्ये रुग्णांत दिसले आणि मिन उंदरांतही त्याचा गुण आला. पण बिघाड असलेल्या आणि अजून पॉलिप न आलेल्या ४१ मुला-तरुणांवर चार वर्षे चाचणी केली, तेव्हा पॉलिप येणे त्याने टळले नाही. हा निष्कर्ष २००२ चा.

आणि हळद

हळदीतील पिवळा घटक म्हणजे करक्युमिन. मिन उंदरांच्या खाद्यात तो मिसळून इंग्लंडमध्ये केलेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. खाद्यात ०.१ टक्का करक्युमिन असताना काही फरक पडला नाही, ०.२ टक्के असताना गाठी ३९ टक्क्यांनी आणि ०.५ टक्के असताना ४० टक्क्यांनी कमी झाल्या. बातमीसाठी ‘४० टक्के’ पुरेसे असते. वर्गासाठी तिन्ही आकडे हवेत. मात्रा अडीचपट करूनही लाभ जवळजवळ तेवढाच राहिला, हे विद्यार्थ्यांनी स्वतः हेरायला हवे.

आता थोडे गणित. २५ ग्रॅमचा उंदीर दिवसाला सुमारे ४ ग्रॅम खातो असे धरू. ०.२ टक्क्याने त्याच्या पोटात ८ मिलिग्रॅम करक्युमिन जाते, म्हणजे दर किलो वजनाला ३२० मिलिग्रॅम. लहान प्राण्याची चयापचयाची गती जास्त असल्याने उंदराची मात्रा माणसासाठी सरळ गुणून चालत नाही. दर किलोमागची मात्रा साधारण बाराने भागतात. ६० किलोच्या माणसाला हे सुमारे १.६ ग्रॅम होते. हळदपुडीत करक्युमिन साधारण ३ टक्के धरले तर रोज ५० ग्रॅमहून जास्त हळद खावी लागेल. आमटीतल्या चिमूटभर हळदीचा आणि या प्रयोगाचा संबंध किती, हे मुले आपोआप सांगतील.

माणसांत काय झाले? २००६ मध्ये पाच रुग्णांचा एक अनुभव प्रसिद्ध झाला. करक्युमिन आणि क्वेर्सेटिन हे दोन पदार्थ सहा महिने घेतल्यावर त्यांचे पॉलिप ६० टक्क्यांनी कमी झाले. पण रुग्ण फक्त पाच होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तुलनेचा गट असलेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ४४ रुग्ण, वर्षभराचा काळ, काहींना रोज ३ ग्रॅम शुद्ध करक्युमिन, काहींना दिसायला तशीच पण करक्युमिन नसलेली गोळी. दोन्ही गटांच्या पॉलिपांच्या संख्येत व आकारात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्रा कमी पडली असेही म्हणता येत नाही. ती आपण वर काढलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होती.

हळदीविषयी आपल्याकडे आणखी एक गोंधळ आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकेतील पेटंट भारताने १९९७ मध्ये रद्द करून घेतले. ते काम वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने केले. तिचे त्या वेळचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. आपल्याला याचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. पण त्या निकालाने ठरले ते एवढेच, की हा उपयोग नवा नाही, भारतात तो आधीपासून माहीत होता. हळदीने कोणता रोग बरा होतो, हा प्रश्न पेटंट कार्यालयासमोर नव्हताच. ‘आम्हाला आधीपासून माहीत होते’ आणि ‘ते खरे आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चुकीच्या वाचनाची किंमत कोण मोजते

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या घरात हा आनुवंशिक रोग आहे, तिथे प्रत्येक अपत्याला बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशा मुलांची दहा-बारा वर्षांच्या वयापासून दुर्बिणीने आतड्याची तपासणी सुरू करावी लागते. पॉलिप पसरले की, बहुधा विशीच्या आसपास, मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढावे लागते. ही शस्त्रक्रिया सोपी नाही आणि कोणत्याही आई-बापांना ती नकोशी वाटणारच. पण ती वेळेवर झाली तर जीव वाचतो. गोळ्यांनी पॉलिप कमी झाले तरी शस्त्रक्रियेची जागा त्या घेत नाहीत.

अशा घरात ‘हळदीने गाठी जातात’ हे कात्रण पोचले, तर ‘आधी वर्षभर हळद देऊन पाहू’ असे वाटणे स्वाभाविक आहे. ते वर्ष महाग पडू शकते. साधारण दर चार रुग्णांमागे एकाच्या घराण्यात तर हा रोग आधी कोणालाच नसतो. त्याचा बिघाड नव्याने झालेला असतो. म्हणून एखाद्या मुलाला वारंवार शौचातून रक्त जात असेल किंवा तो सतत फिकट दिसत असेल, तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे पाठवा, असे पालकांना सांगणे शिक्षकाच्या हाती आहे. अशी सर्वच मुले या रोगाची नसतात. बहुतेकांचे कारण साधे निघते. आनुवंशिक कर्करोगांसाठी मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात स्वतंत्र सल्ला विभाग आहे.

वर्गात काय करावे

उंदरांवरील कर्करोगाचे संशोधन परदेशातच होते असे मुलांना वाटू देऊ नये. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या वेगवेगळ्या वंशांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. एका वंशात रोग जास्त, दुसऱ्यात कमी असे का, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आज पुण्याच्या आयसर संस्थेत जनुक बदललेल्या उंदरांसाठी राष्ट्रीय सुविधा आहे.

मुले उंदरांच्या यातनांबद्दलही विचारतील. तो प्रश्न टाळू नये. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील १९९८ चे नियम आहेत. प्रयोगाआधी समितीची परवानगी लागते. ज्या प्रयोगाने कोणताच प्रश्न सुटत नाही, त्यात उंदीर फुकट जातो. म्हणून नमुना कशासाठी योग्य आणि कशासाठी अयोग्य, हे तपासणे ही वैज्ञानिक आणि नैतिक अशी दुहेरी जबाबदारी ठरते.

पुढच्या वेळी कात्रण आले की ते फळ्याशेजारी लावावे आणि मुलांकडून पाच प्रश्नांची उत्तरे काढून घ्यावीत. प्रयोग कोणावर झाला? किती जणांवर? तुलनेसाठी दुसरा गट होता का? मोजले काय, गाठींची संख्या की जगण्याची वर्षे? आणि हाच प्रयोग पुढे माणसांत झाला असेल तर काय दिसले? बातमीत यांपैकी ज्यांची उत्तरे नाहीत, त्यांच्यापुढे मुलांनी ‘माहिती दिलेली नाही’ असे लिहावे. पौडच्या शाळेतील आठवीचा वर्ग हे एका तासिकेत करू शकतो.

मिन उंदराने सांगितले ते खरेच सांगितले. एपीसी मोडले की गाठ कशी सुरू होते, हे त्याच्याइतके स्पष्ट कोणी दाखवले नव्हते. माणसाला वाचवील असे औषध कोणते, हे त्याला विचारले तेव्हा त्याने उंदरापुरते उत्तर दिले. ते उत्तर माणसाचे म्हणून वाचणारे आपण होतो.